सहा संशयितांत सहावा

माझ्या चेहऱ्यात संशय आहे, हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ऐन कचेरीच्या वेळात, एका परक्या माणसाकडून कळलं. तोपर्यंत मी रोज सकाळी आरशासमोर दाढी करत होतो, पण तशी काही वस्तू माझ्या नजरेला पडली नव्हती.

त्याचं असं झालं. महाराष्ट्र होऊन वर्ष उलटलं होतं. मी, श्रावण बुधाजी खंडारे, अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होतो. येणारा प्रत्येक कागद आधी माझ्याकडे येतो, मी त्याला नंबर देतो, आणि मगच तो कागद म्हणून जन्माला येतो. त्याआधी ती नुसती रद्दी. त्या दिवशी मुंबईचे केळशीकर नावाचे एक चित्रपट-दिग्दर्शक अर्ज घेऊन आले. आमच्या खात्याचा कॅम्पातला डाक बंगला त्यांना महिनाभर शूटिंगसाठी हवा होता. मी अर्ज हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, तिकीट लावलंय का ते पाहिलं, आणि मान वर करून केळशीकरांकडे पाहिलं. ही नजर आमच्या खात्यात सगळ्यांचीच असते. अर्जात काहीतरी राहून गेलंय, एवढाच तिचा अर्थ.

"थांबा! हलू नका! असेच बघत राहा," केळशीकर ओरडले. मग माझ्या टेबलाला एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "काय चेहरा आहे! नुसता संशय भरलाय. तुम्ही माझ्या चित्रपटात काम करा."

चित्रपट रहस्यमय होता. डाक बंगल्यात उतरलेल्या एका जिनिंगवाल्या शेठजींचा खून होतो, सहा संशयित असतात, आणि मुंबईचा एक गुप्तहेर खुनी शोधून काढतो. पण केळशीकरांना नुसता खून दाखवायचा नव्हता. "आम्हाला खरं वऱ्हाड दाखवायचंय, खंडारे," ते कळकळीने म्हणाले. "पडद्यावर सदा तेच तेच गोरेगोमटे लोक. माझ्याकडे सगळ्या थरांतली माणसं असतील." आणि बोटं मोजू लागले, "एक वकील, एक डॉक्टर, शेठजींचा मामा, एक अत्तरवाले मियाँ, एक कचेरीतला कारकून आणि सहावे तुम्ही."

"मी म्हणजे कोण?"

"तुम्ही म्हणजे..." केळशीकरांनी माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "तुम्ही चौकीदार."

मी नम्रपणे सांगितलं, की साहेब, मी कारकूनच आहे. सहा वर्षं झाली. यादीत कारकून आहे तर तोच द्या, मला शिकावंही लागणार नाही. केळशीकर हसले. म्हणाले, कारकुनासाठी मुंबईचा नट ठरलाय, त्याचं तोंड कारकुनासारखं दिसतं. म्हणजे सहा वर्षं सरकारने पगार भलत्याच तोंडाला दिला होता. पण मी हो म्हणालो. का म्हणालो ते सांगतो.

मी बुधवाऱ्यातल्या एका बोळात खोली घेऊन एकटा राहत होतो. आईवडील गावी, चांदूर बाजारकडे. लग्न व्हायचं होतं. बोळात राहायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत कोणी मला वावगा शब्द बोललं नव्हतं. कोणी आतही आलं नव्हतं. छप्पन साली आम्ही धम्म घेतला, माझ्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, ती रस्त्यावरून दिसायची, आणि लोक ती पाहून अदबीने पुढे जायचे. समोर केशवराव राहत. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. ते रोज संध्याकाळी ओट्यावरून विचारत, "बरं हाय ना, खंडारे?" मी म्हणे, "बरं आहे, केशवरावजी." दोन वर्षांचं आमचं संभाषण एवढंच, फक्त ते सातशे वेळा झालं. शेजारच्या शालिकराम माळ्याचा फुलांचा आणि भाजीचा धंदा. त्याची बायको शकुन दारातल्या दारात मला वांगी मोजून देई. दिवाळीचा फराळ दारातल्या दारात, दसऱ्याचं सोनं दारातल्या दारात. मी कधी म्हटलंच, की या ना, चहा घेऊ, तर चहा आत्ताच झालेला असे. त्या बोळातल्या सगळ्यांचा चहा सदा आत्ताच झालेला असायचा. मी कोणाला दोष देत नाही. पण कचेरीतून परत आलो की रात्री निजेपर्यंत माझ्या खोलीत माझ्याशिवाय कोणी बोलत नसे, आणि मीही फारसा बोलत नसे. मग कोणी म्हणालं की या, आमच्या सहा माणसांत सहावे व्हा, तर माणूस हो म्हणतो.

दुसऱ्या दिवशी केळशीकरांची मोटार बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली आणि ड्रायव्हरने विचारलं, चौकीदार कुठे राहतो. "या बोळात कोनी चौकीदार-बिकीदार नाई," असं शालिकरामने ठणकावून सांगितलं. त्यावरून थोडी बाचाबाची झाली, माणसं जमली, आणि अखेर उलगडा झाला की आपले खंडारे सिनेमात आहेत. त्या संध्याकाळी शालिकराम माझ्या दाराशी आला, सवयीने थबकला, आणि मग चप्पल काढून सरळ आत येऊन बसला.

"काऊन हो भाऊ, नटीले जवळून पायता येते का?"

नटी नव्हतीच. पण ते मी लगेच सांगितलं नाही. त्याच्या मागून शकुन आली. तिच्या मागून केशवरावांच्या पत्नी माणिकबाई, "आमचे हे इकडे आले का?" असं विचारत आल्या, आणि त्यांच्या मागून केशवराव, कारण तोवर ते आलेच नव्हते. माझ्या खोलीत बसायला एक खाट आणि एक खुर्ची. मी स्वतः सामानाच्या पेटीवर बसलो आणि माझ्या घरात पाहुणे आहेत या गोष्टीकडे बघत राहिलो.

सल्ल्यांना सुरुवात झाली. सिनेमात मला एकच वाक्य होतं, "मले काई मालूम नाई साहेब." बाकी पाचही संशयित पुस्तकी मराठी बोलणार होते, वऱ्हाडी एकट्या माझ्या वाट्याला आली होती. खरं म्हणजे मी मॅट्रिकनंतर मोठ्या कष्टाने शुद्ध बोलायला शिकलो होतो, आणि आता तीच माती पुन्हा तोंडात घ्यायची होती. शालिकराम म्हणाला, "असं मिळमिळीत नका बोलू. मालूऽऽम असं लांबवा." माणिकबाईंचं माहेर अकोल्याकडचं, त्या म्हणाल्या, "काहीतरीच! आमच्या अकोल्यात असं कोनी बोलत नाई. साहेब आधी येते." त्यावर शकुन म्हणाली की चौकीदार घाबरलेला असीन, तर थो काई बोलनारच नाई, नुसता पायत राहीन. केशवरावांनी कायदा सांगितला. संशयित इसमाने मालूम नाही असं म्हटलं की ते त्याच्या विरुद्ध जातं. त्याने म्हणावं, आठवत नाही. एका वाक्यावर तीन तास गेले. इतकी सुंदर संध्याकाळ मी त्या खोलीत पाहिली नव्हती.

आता सरकारी नोकराला सिनेमात काम करायचं तर परवानगी लागते. मी अर्ज लिहिला, मीच आवक केला, आणि हेडक्लार्क पंजाबरावांपुढे ठेवला. पंजाबरावांनी चष्मा पुसून प्रश्न काढला, की नियम कोणते लावायचे? आपण आधी मध्य प्रांतात, मग मुंबई राज्यात, आता महाराष्ट्रात. नागपूरच्या जुन्या नियमांत नाटक होतं, सिनेमा नव्हता. मुंबईच्या नियमांत सिनेमा होता, पण ते पुस्तक अजून अमरावतीला पोचलं नव्हतं. तेव्हा कागद अकोल्याच्या मोठ्या कचेरीत गेला. तिथून आठवडाभराने खाली आला तो असा शेरा घेऊन: "सरकारी नोकराने गुन्हेगाराचे काम केल्यास खात्याच्या प्रतिष्ठेस बाधा येईल. तरी सदर कर्मचारी खुनी आहे किंवा कसे, हे कळवावे."

मी केळशीकरांना विचारायला गेलो, तर ते खुर्चीतून उठलेच. खुनी कोण हे त्यांनी गुप्तहेराचं काम करणाऱ्या नटालाही सांगितलं नव्हतं. "रहस्यपटाचा प्राण आहे तो! तो तुमच्या फायलीत घालू?"

मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. तिथल्या साहेबांनी मला उभं ठेवून मुद्दा समजावला. बळी पडायला हरकत नाही, संशयित व्हायला हरकत नाही, मात्र खुनी व्हायचं नाही. मी म्हटलं, साहेब, खुनी मी नसणार. "कशावरून?" ते म्हणाले. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत मी तोच विचार करत होतो, की आपण खुनी नाही हे माणसाने कशावरून सांगावं.

इकडे बोळ पेटून उठला होता. केशवरावांनी माझ्यातर्फे तीन पानी मसुदा केला: संशयित म्हणजे आरोपी नव्हे, आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, सबब. तो वाचून दाखवताना ते इतके रंगात आले, की शकुनने माझ्या चुलीवर केलेल्या चहाचा कप त्यांनी उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. माणिकबाईंच्या आलं, त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनीही आपला कप घेतला. मी पटकन मान फिरवून तसबिरीची धूळ पुसू लागलो, कारण माझे डोळे भरून आले होते, आणि ते हसून आले म्हणावं तर सबबच्या पुढचं वाक्य विनोदी नव्हतं.

तो मसुदा मी केळशीकरांना वाचून दाखवला, आणि त्याचा त्यांच्यावर परिणाम झाला. त्यांनी एक गोपनीय पत्र लिहिलं, लिफाफ्यात घातलं, लाखेचं सील केलं आणि माझ्या हातात दिलं. "फक्त साहेबांनी वाचायचं, आणि जाळून टाकायचं."

आणि इथे मी ती चूक केली. ती चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती, कारण दुसऱ्या कोणाला नियम इतके पाठ नव्हते. आमच्या कचेरीच्या साहेबांनी लिफाफा हातात घेतला नाही. "नंबर कुठाय?" म्हणाले. आवक नंबर नसलेला कागद ते घेत नसत, आणि ही शिस्त मीच त्यांना लावली होती. मी बाहेर आलो, नोंदवही उघडली, नंबर टाकला, तारीख टाकली, कोणाकडून ते टाकलं. पुढे विषयाचा रकाना. सहा वर्षांत मी विषयाचा रकाना कधी कोरा सोडला नव्हता. कोरा रकाना पाहिला की मला उपाशी माणूस पाहिल्यासारखं वाटतं. मी सील तोडलं, पत्र वाचलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: "डाक बंगल्यातील खून मामाने केला असल्याबाबत व खंडारे हे निर्दोष असल्याबाबत." खाली लाल शाईने लिहिलं, "गोपनीय."

नोंदवही माझ्या टेबलावर उघडी असते. आपला कागद आला का ते पाहायला कंत्राटदार, शिपाई, गावोगावचे अर्जदार ती चाळत असतात. दुपारी पंजाबराव मला म्हणाले, "मामा निघाला म्हणते." संध्याकाळी राजापेठेत पानवाल्याला माहीत होतं. परतवाड्याकडे जाणाऱ्या यष्टीच्या कंडक्टरने ते अचलपूरला पोचवलं, आणि वडिलांच्या पत्रावरून कळलं, की चांदूर बाजारच्या आठवडी बाजारातही लोक एकमेकांना सांगत होते, मामानं केलं बाप्पा, पैशासाठी.

त्या दिवशी घरी आलो, खोली झाडली, चहाचं आधण ठेवलं. कोणी आलं नाही. केशवराव ओट्यावर होते. "बरं हाय ना, खंडारे?" म्हणाले. "मामा निघाला म्हणे." मी म्हटलं, "हो." मग ते आत गेले. त्यांचा काही राग नव्हता. कोडं सुटलं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी अकोल्याहून परवानगी आली, खुनी नसण्याच्या अटीवर. ती सांगावी असं माणूस मला बोळात सापडेना. शालिकरामच्या दाराशी जाऊन मी नको असलेली मेथी घेतली आणि शकुनला ती बातमी सांगितली.

चौथ्या दिवशी केळशीकरांनी मला डाक बंगल्यावर बोलावलं. मला वाटलं, आता हाकलतील. पण ते व्हरांड्यात शांत बसले होते.

"खंडारे, सबंध वऱ्हाडाला ठाऊक झालंय, की खुनी मामा. तेव्हा मामा आता नाही. खुनी तुम्ही."

मला आधी ते समजलंच नाही. मग समजलं, आणि इतक्या वर्षांची माझी शुद्ध मराठी एका दमात गळून पडली. "मीच काऊन, साहेब? सहा जन हायेत. वकील हाय, डॉक्टर हाय. थो तुमचा गोरा कारकून हाय. सगळ्या सिनेमात चोर आमीच, नोकर आमीच, अन् आता खुनीबी आमीच?"

केळशीकर माणूस वाईट नव्हते. ते चमकले, उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही उलटं बघताय," ते म्हणाले. "रहस्यपटात खुनी कोण असतो? ज्याच्यावर कोणीही, कधीही संशय घेणार नाही असा माणूस. तुमच्या निर्दोषपणाबद्दल तर लेखी नोंद आहे! गुप्तहेर तुमच्याकडे बोट दाखवील, आणि हजार माणसं खुर्चीतून उडतील. अरे, हा? शक्य नाही!"

"अन् खून करायचं कारन?"

"कारण नंतर बघू."

मी रात्रभर विचार केला. नोकरीचा धोका होता. पुढे "आपण खून केल्याचे निदर्शनास आले असून" असा मेमो मला खरोखरच मिळाला आणि एक वेतनवाढ गेली, तो भाग वेगळा. पण माझ्या कानात ते "अरे, हा? शक्य नाही!" घुमत होतं. हजार माणसं. त्यांत आपला बोळ. केशवराव ताडकन उभे राहतील: खंडारे? छे! आपले खंडारे असं करणार नाहीत! बाकी सगळ्या जन्मात माझ्याबद्दल असं कोणी एकदम, आतून ओरडणार नव्हतं. मला ते एकदा ऐकायचं होतं. सकाळी जाऊन मी हो म्हणालो.

शूटिंगबद्दल काय सांगू. ऐन मे महिन्यात मला घोंगडी पांघरायला दिली. चौकशीच्या प्रसंगात पाच संशयित खुर्च्यांवर बसले आणि मी भिंतीशी उभा. मी खुर्ची मागितली, तर केळशीकर म्हणाले, चौकीदार खुर्चीवर बसला तर लोकांना शंका येईल. कारकून झालेला नट मोठा सज्जन. मधल्या वेळात तो मला टाक कसा धरायचा, पाकिटाला तिकीट कसं चिकटवायचं, साहेबांनी बोलावल्यावर आधी उठायचं की आधी हो म्हणायचं, ते विचारी. मी घोंगडीतून हात काढून त्याला सगळं शिकवलं. तो पुढे फार छान कारकून झाला. कबुलीचा प्रसंग केळशीकरांनी सगळ्यांना बाहेर घालवून, दारं लावून घेतला. "खून मी केला" हे वाक्य मी अकरा वेळा म्हटलं, आणि दर वेळी पुढे "साहेब" म्हणालो.

तिकडे बोळात मी एवढंच सांगितलं, की मामा रद्द झाला, नवा खुनी आहे, आणि कोण ते सांगायची मला बंदी आहे. अर्ध्या तासात खोली भरली. त्या दिवसापासून सिनेमा लागेपर्यंत, चांगले पाच-सहा महिने, माझ्या घरात माणसं होती. शकुन येताना पोह्यांचा चिवडा आणी. शालिकरामचा वहीम डॉक्टरवर, कारण त्याच्या मते सगळे डॉक्टर तसेच. माणिकबाई म्हणत वकील. केशवराव रोज नवा पुरावा मांडत आणि रोज नवा माणूस धरत. अत्तरवाल्या मियाँला तर त्यांनी दोनदा धरून दोनदा जामिनावर सोडला. कारकुनाचंही नाव निघालं. सगळ्यांची नावं निघाली, आणि माझं एकदाही कोणी घेतलं नाही. मी पेटीवर बसून ऐकत असे. वाटे, बघा, कोणाच्या मनालाही शिवत नाही. रात्री सगळे गेले की मी दिवा मालवून अंधारात एकटाच हसत असे. त्या महिन्यांत मी फार सुखी होतो, हे मला सांगितलंच पाहिजे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सिनेमा अमरावतीला लागला. तीनच्या खेळाला सबंध बोळ निघाला. माणिकबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, शालिकरामने माझ्यासाठी झेंडूचा हार आणला होता. तो मी खेळ संपल्यावर घालायचा म्हणून शकुनकडे दिला. थिएटर भरलेलं. माझ्या एका बाजूला केशवराव, दुसऱ्या बाजूला शालिकराम. मला सिनेमा पाहायचाच नव्हता. मला शेवटची पाच मिनिटं हवी होती.

पडद्यावर पाऊस पडत होता, वीज चमकली, आणि बंगल्याचं फाटक उघडत घोंगडी पांघरलेला मी आलो. अजून शेठजी जिवंत होते. चांगले जेवत होते.

"हाच हाय," पुढच्या रांगेतला एक जण सोबत्याला म्हणाला.

एखादा असतोच तसा अर्धवट, असं म्हणून मी ते सोडून दिलं. पण मग मागून कोणीतरी म्हणालं, "यानंच मारला असन." डावीकडे एक बाई म्हणाली, "डोये पाय ना त्याचे." मी शालिकरामकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता, आणि त्याचं त्या बोलण्याकडे लक्ष नसावं असं मला वाटलं. वकील खोटं बोलला, डॉक्टरच्या पेटीत विषाची बाटली सापडली, मामाच्या नावाचं मृत्युपत्र निघालं, कारकुनाने रातोरात कागद जाळले. केळशीकरांनी पाचही जणांवर पुराव्यांचे ढीग रचले होते. माझ्यावर काहीच नव्हतं. मी फक्त फाटक उघडत होतो आणि मला काही मालूम नव्हतं.

अखेर तो प्रसंग आला. सगळे दिवाणखान्यात जमले. वाद्यं थांबली. गुप्तहेर एकेकासमोरून चालत गेला, वकिलाला सोडून, डॉक्टरला सोडून, मामाला सोडून, आणि गर्रकन वळून त्याने भिंतीकडे बोट केलं. माझा चेहरा सबंध पडदाभर झाला. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही.

कुठेतरी कोणी भुईमुगाची शेंग फोडली. पुढच्या रांगेतला तो गृहस्थ उठत म्हणाला, "चाल बे, झालं." माणसं पायाने चपला चाचपू लागली. मी डोळे उघडले. पडद्यावर मी हात जोडून "खून मी केला साहेब" म्हणत होतो, आणि ते ऐकायला अर्धं थिएटर थांबलं नव्हतं. हजार माणसांत आश्चर्य वाटलेला मी एकटाच होतो, आणि मला तर आधीपासून ठाऊक होतं.

बाहेर उन्हं उतरली होती. शकुनने हार माझ्या गळ्यात घातला. सगळे खुशीत होते, भरभरून बोलत होते, आणि मनापासून बोलत होते, हे मला कळत होतं.

"काय हुबेहूब केलं हो भाऊ!" शालिकराम म्हणाला. "मी तं पह्यल्या दिवसापासून हिले सांगून राह्यलो होतो, खुनी आपले खंडारेच."

"मले तं ते मामाचं ऐकलं तवाच खोटं वाटलं," शकुन म्हणाली.

मी विचारलं, "मग कधी बोलला नाहीत तुम्ही? सगळ्यांची नावं घेतलीत."

"आता तुमच्या घरात बसून, तुमच्या तोंडावर कसं म्हनाव?" माणिकबाई समजुतीने म्हणाल्या. "बरं दिसते का ते?"

"आम्ही सगळ्यांनीच ओळखलं होतं," केशवराव माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "पह्यल्यापासून."

मला तिथेच गप्प बसायला हवं होतं. दोन वर्षं मी तेच केलं होतं. पण मी थांबलो आणि विचारलं, "कशावरून, केशवरावजी?"

"म्हणजे?"

"म्हणजे कशावरून ओळखलं? मीच म्हणून?"

केशवरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बत्तीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस; उत्तर त्यांच्या तोंडाशी आलंच होतं. मग ते तिथेच राहिलं. शालिकराम म्हणाला, "तसं नाई भाऊ, तुमी..." आणि त्यालाही पुढचं सापडलं नाही. शकुन पदर नीट करू लागली. मी वाट पाहत उभा राहिलो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग आम्ही चालू लागलो. राजकमल चौकापासून बोळापर्यंतचा रस्ता काही लहान नाही. केशवराव खाली मान घालून, काठीने खडे बाजूला सारत माझ्याबरोबर चालत होते. ते मनाशी सगळा सिनेमा पुन्हा पाहत होते, हे मला दिसत होतं.

बोळात आल्यावर शालिकराम आणि शकुन आपल्या दाराकडे वळले. माणिकबाई दिवा लावायला आत गेल्या. केशवराव ओट्याची एक पायरी चढले आणि परत खाली उतरून माझ्यासमोर आले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"खंडारे, मी आता सगळं आठवून पायलं," ते म्हणाले. "तुमच्या विरुद्ध पुरावा काहीच नव्हता हो. कारणसुद्धा दाखवलं नाही."

"नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी मान हलवली आणि ते ओटा चढून आत गेले. मी गळ्यातला हार काढला, कुलूप उघडलं आणि घरात आलो.